ओहोटीतलं दर्शन

देवाधर्माच्या बाबतीत मी पहिल्यापासून जरा कोरडाच. नास्तिक म्हणण्याइतकं माझं वाचन नाही आणि भाविक म्हणण्याइतकं मन मोकळं नाही, असा मधलाच माणूस. पाटबंधारे खात्यात कालव्यावर नोकरी केली, आधी दौंडकडं आणि मग शिरूरला. पाटकरी म्हणून लागलो आणि कालवा निरीक्षक झालो. गेटची किल्ली माझ्या खिशात असायची. ती फिरवली की पाणी चारीला लागायचं, उलटी फिरवली की बंद व्हायचं. पाळी कुणाची, किती तासांची, शेवटच्या शेतापर्यंत पाणी कधी पोचणार, हे सगळं मी सांगायचो आणि तसंच व्हायचं. भलेभले बागायतदार, सोसायटीचे चेअरमनसुद्धा 'भाऊसाहेब, आमच्याकडं जरा बघा' म्हणत दारात उभे राहायचे. रोज चार माणसं आपल्यापुढं हात जोडतात म्हटल्यावर आपण कुणापुढं हात जोडायचे, हा विचारच मनात येत नाही. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा माझं असंच होतं.

माझी बायको अगदी उलट. तिचं माहेर कवठे येमाईचं. तिथल्या येमाई आईचं नाव घेतल्याशिवाय तिची चूल पेटायची नाही. मी चेष्टा करायचो, ती हसून सोडून द्यायची. आमचं यावरून कधी भांडण झालं नाही. तिचा देव तिच्याकडं, माझी किल्ली माझ्याकडं, असं सुखानं चाललं होतं.

मग आमची एकुलती एक मुलगी, सुमन, बारावीला असताना तापानं फणफणली. ताप मेंदूत गेला. पुण्याला मोठ्या दवाखान्यात हलवली. अकरा दिवस पोरगी डोळे उघडत नव्हती. तेव्हा आम्ही शिरूरला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो आणि शेजारी कोकणातल्या एक शिक्षिका बाई होत्या. त्या एस.टी.नं पुण्याला भेटायला आल्या, माझ्या बायकोच्या कपाळाला त्यांच्या देवीचा अंगारा लावला आणि म्हणाल्या, "वहिनी, आमची खाडीतली आई हाकेला धावते. तुम्ही नुसतं मनात आणा." हिनं तिथं दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या नवस केला. पोरगी आपल्या पायांनी चालत घरी आली तर तुझी ओटी भरायला येईन, आणि येईपर्यंत पायात काही घालणार नाही. पायातल्या चपला तिनं तिथंच काढल्या आणि दाराशी ठेवून दिल्या.

सुमन चालत घरी आली. माझ्या मते श्रेय डॉक्टरांचं होतं आणि मी ते बोलूनही दाखवलं. ही म्हणाली, "डॉक्टरलाबी तिनंच उभं केलं न्हाई कशावरून?" मी म्हणालो, "जाऊ की कोकणात. एवढं पाण्याचं आवर्तन संपू दे."

ते आवर्तन संपायला सात वर्षं लागली. उन्हाळी आवर्तन झालं की पावसाळा, कोकणात पावसात जाता येत नाही. मग रब्बीचं पाणी. मग निवडणुकीची ड्युटी. मग सुमनचं कॉलेज, मग तिचं लग्न. जावई रेल्वेत, दौंडला. लग्नाच्या मांडवातसुद्धा नवरीची आई अनवाणी. व्याहीमंडळींनी विचारलं तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. वैशाखात शिरूरच्या बाजारात ही सावली बघून बघून चालायची, डांबरावर पाय उचलून टाकायची, आणि मी पुढं चालत असायचो. मला ते दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि तरीही मी 'पुढच्या महिन्यात' म्हणत होतो.

सातव्या वर्षी हिला साखर निघाली. टाचेच्या भेगेत काहीतरी शिरलं आणि जखम चिघळली. शिरूरच्या डॉक्टरांनी ड्रेसिंग केलं आणि माझ्याकडं न बघता तिला म्हणाले, "काकू, आजपासून चपला. घरातसुद्धा. असंच चालत राहिलात तर आधी बोट जाईल, मग पाऊल." ही शांतपणे म्हणाली, "घालीन की. आधी तिची ओटी भरून येते." डॉक्टरांनी मग माझ्याकडं बघितलं. ती नजर मी विसरलो नाही. दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज दिला.

माघ महिना होता. गावोगाव एस.टी.डी. बूथ होते, मोबाईल फक्त एखाद्या कंत्राटदाराच्या कमरेला दिसायचा. शिक्षिका बाई तोवर बदली होऊन गावी गेल्या होत्या. त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "माझ्याकडंच उतरा, होडी सांगून ठेवते." शिरूरहून पुणे, पुण्याहून घाट उतरून कोकण. एस.टी.च्या धक्क्यांनी आमची हाडं खिळखिळी झाली, पण ही खिडकीतून बघत लहान मुलीसारखी बसली होती. बाईंच्या घराच्या मागेच खाडी. उद्या सकाळी अकराला होडीत बसायचं, दोन तासांत वरच्या अंगाला देवीच्या डोंगराखाली पोचायचं, देऊळ चढायचं, ओटी भरायची आणि पाणी उतरायच्या आत परत यायचं, असं ठरलं. देवळाला गाडीरस्ता नव्हता. परवा सकाळी आमची परतीची एस.टी. होती आणि रजाही तेवढीच.

इथं मी माती खाल्ली. सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडलो तर खाडीच्या काठानं भातशेतीचा बांध दिसला. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला. त्या बांधाला एक लाकडी झापेचं दार होतं. तिथल्या शेतकऱ्यानं सांगितलं, ही उघाडी. भरतीचं पाणी आलं की त्याच्याच दाबानं झाप मिटते, ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्या दाबानं आपोआप उघडते. मी विचारलं, "याला किल्ली कुठं असते? कोण फिरवतं?" तो म्हणाला, "कोण नाय फिरवत." मला ते पटेना. तीस वर्षं गेटं फिरवलेला माणूस मी. म्हटलं, आपल्या डोळ्यांनी उघडताना बघितल्याशिवाय हलायचं नाही. आणि बांधावर बसून राहिलो. अकरा वाजले, बारा वाजले. पाणी काठोकाठ भरलं आणि स्तब्ध झालं. पावणेदोनला कुठं ती झाप थरथरली, हळूच बाहेर ढकलली गेली आणि शेतातलं पाणी खळाळत खाडीत निघालं. मी टाळी वाजवायचाच बाकी होतो.

परत आलो तर ही धक्क्यावर ओटीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. सकाळपासून उपाशी, दर्शनाशिवाय खाणार नव्हती. मला बघून तिनं पिशवी उचलली आणि उठून उभी राहिली. बोलला तो होडीवाला. पन्नाशीचा, पांढरी टोपी घातलेला, सगळे त्याला तांडेल म्हणत. "आता नको, काका. ओहोटी लागली. पुनवेची ओहोटी हाय, पाणी लय लांब जातं. उद्या जाऊ."

"उद्या आमची गाडी आहे," मी म्हणालो. "आणि एवढं समुद्रासारखं पाणी भरलंय, ते दोन तासांत कुठं पळून जातंय? आमच्या कालव्याचं पाणी शेवटच्या गावाला पोचायला तीन दिवस लागतात. पाण्यातलं मला नका सांगू."

तांडेलनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही एखाद्यानं त्याला पोहायला शिकवायला घेतलंय. शेवटी खांदे उडवून म्हणाला, "वाटेत बसलो तर मला बोल लावू नका."

आणि होडी निघाली. आता ते वर्णन करायला माझ्याकडं शब्द नाहीत, तरी सांगतो. आमच्याकडं पाणी म्हणजे घोडनदीचं पात्र, उन्हाळ्यात डबकी उरणारं. नाहीतर कालव्याची सरळ रेघ. इथं दोन्ही बाजूंनी हिरवे डोंगर थेट पाण्यात उतरलेले, मध्ये नुसता किनाराही नाही. झाडांच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या. एक वळण घेतलं की वाटायचं, संपलं, पुढं डोंगरच आहे. मग होडी जरा सरकायची आणि डोंगर बाजूला व्हायचा, आणि पुन्हा तेवढंच लांब, निळंहिरवं पाणी. असं किती वेळा झालं. वर आकाशात एक मोठी पांढऱ्या पोटाची घार तरंगत होती. डोंगरात उंचावर एखादं कौलारू घर, त्यातून धूर. इंजिनाचा आवाज दोन्ही डोंगरांवरून परत यायचा. हिनं हात खाली सोडून ओंजळ भरली, जिभेला लावली आणि ओरडली, "अहो, खारट हाय!" तांडेल हसला, मी हसलो. सात वर्षांत मी तिला एवढं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. मला वाटलं, आपण हे आधीच का नाही केलं? आणि माझं मलाच उत्तर माहीत होतं.

दीड तास झाला असेल. हिनं पिशवीतून खण काढून पुन्हा नीट घडी घातला. तेवढ्यात होडीच्या तळाला काहीतरी खरवडलं. तांडेलनं इंजिन बंद केलं, बांबू घेतला, ढकललं. होडी हात दोन हात सरकली आणि बसली. मी खाली बघितलं. जिथं भरतीला पुरुषभर पाणी होतं, तिथं आता वाळू आणि शिंपा दिसत होत्या. काठाकडं बघितलं तर पाणी जाताना डोळ्यांना दिसत होतं. झाडांची मुळं उघडी पडत होती. मी जन्मभर पाण्याची पातळी मोजली, पण असं पाणी मी बघितलं नव्हतं. कुणी सोडलेलं नाही, कुणी थांबवू शकत नाही.

"किती वेळ?" मी विचारलं.

"पाणी परत येईतवर. तीन तास तरी."

"आणि देऊळ?"

त्यानं पुढच्या वळणापलीकडं बोट केलं. "दोन मैल. पण वाट नाय. चिखल हाय, कांदळाची झाडी हाय. या पायानं तर नायच." त्याचं बोट हिच्या पायाच्या बँडेजकडं गेलं.

मी हिच्याकडं बघायची हिंमत केली. मला वाटलं ही आता बोलेल, सात वर्षांचं सगळं काढेल, आणि काढावं असंच मला वाटत होतं. ती पिशवीवर हात ठेवून बसली होती. म्हणाली, "राहू द्या आता. तिच्या मनात नसंल." त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. डॉक्टरांचे शब्द कानात घुमायला लागले. ही इथून अशीच परत जाणार, चपला घालणार नाही, आणि त्या पायाचं जे होईल ते होईल. सात वर्षं मी उशीर केला, आणि ज्या दिवशी आलो त्या दिवशीही एका लाकडी दारापायी साडेतीन तास उशीर केला.

मी होडीच्या पुढच्या टोकाला जाऊन बसलो. हात जोडले नाहीत. कसे जोडायचे, काय म्हणायचं, हेच मला ठाऊक नव्हतं. मनात एवढंच म्हणालो की बाई, मी आहे तो असा आहे. माझ्याच्यानं आता काही होणार नाही. तू बघ. त्या वेळी मला पहिल्यांदा रडू आलं आणि मी पाठ फिरवून बसलो म्हणून कुणाला दिसलं नाही. पण सांगतो, रडताना छातीवरचं ओझंही हलकं झालं. आपल्याला काही करता येणार नाही हे एकदा कबूल केलं की एवढं बरं वाटतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. कुणीतरी ठोकत असल्यासारखा टक टक आवाज यायला लागला. बघतो तर उघड्या पडलेल्या खडकांतून एक म्हातारी येत होती. गुडघ्यापर्यंत कासोटा, डोक्याला फडकं, कमरेला टोपली, हातात छोटी लोखंडी कोयती. खडकाला चिकटलेली कालवं फोडून शिंपल्यातलं मांस टोपलीत टाकत होती. पायात टायर कापून केलेल्या जाड चपला. तोंडात दात बेताचेच. माझ्या डोळ्यांना तरी ती साधी कष्टाची बाईच दिसली आणि मी आजही तेच म्हणतो.

"तांडेला, बसलास का रे?" ती लांबूनच ओरडली. मग आमच्याकडं बघून, "कुठची माणसं?"

"शिरूरची, घोडनदीची," ही म्हणाली. "आईच्या ओटीला आलो होतो. आता काय व्हायचं न्हाई."

"का नाय व्हायचं?"

"पाणीच न्हाई की पुढं जायला."

म्हातारी मोठ्यानं हसली. "अगो बाय, पाणी असता तर आई कशी दिसली असती?" आणि तिनं कोयतीनं दाखवलं. आमच्या होडीपासून पन्नास-साठ पावलांवर एक काळा खडक पाण्याबाहेर आला होता. मघाशी तिथं नुसतं पाणी होतं. खडकाच्या फटीफटीत हिरव्या बांगड्यांचे तुकडे अडकलेले, आणि मधोमध एक गुळगुळीत उंचवटा, कुणीतरी पदर घेऊन बसल्यासारखा.

तांडेलनं कपाळाला हात मारला. "मी पण इसरलो. पुनवेला आई दिसते!" मग त्यानं सांगितलं. देवी मूळची ही. कालवं वेचणाऱ्या बायकांना सापडलेली. मोठ्या पुनवेला-अवसेला, ओहोटी अगदी शेवटाला गेली की तास-दीड तास दिसते, मग पुन्हा पाण्यात. डोंगरावरचं देऊळ मागाहून बांधलं, एरवीच्या दिवसांसाठी. होडीनं येणारे लोक भरतीला येतात आणि भरतीला जातात. त्यांना ही कधी दिसत नाही, कारण ती दिसते तेव्हा होडी चालत नाही. "आमच्या शिक्षिका बाईंनी तरी कुठं बघितलंय?" तो म्हणाला.

ही ताडकन उठली. तिचा चेहरा मी कसा सांगू? पिशवी छातीशी धरून ती होडीच्या कडेवर बसली आणि खाली पाय सोडणार, तोच म्हातारी खेकसली. "अनवाणी कुठं निघालीस?"

"नवस हाय मावशी. दर्शन होईस्तवर पायात घालायचं न्हाई."

"तुझा नवस असंल. हितं अनवाणी कोण येत नाय. कालवांच्या कडा ब्लेडासारख्या. पाय चिरंल, रगत पडंल. आणि आईच्या अंगावर रगताचा थेंब चालत नाय, हितं कोंबडीबी कापत नाय आम्ही. चपला घालूनच यायचं. आमच्या आया-आज्या तशाच आल्या."

मी सवयीनं माझे बूट काढून हातात घेतले होते. ते गपचूप पुन्हा पायात घातले.

ही तशीच बसून राहिली. सात वर्षं तिनं डांबर सोसलं, काटे सोसले, लग्नाच्या मांडवात लोकांच्या नजरा सोसल्या. आणि आता साठ पावलं उरली असताना घालायचं? आमच्याकडं तर देवाच्या वाटेवरसुद्धा चप्पल काढतात. तिनं वळून माझ्याकडं बघितलं आणि देवाच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं, "अहो, काय करू?"

सगळ्या गावाला सल्ले देणारा मी. म्हणालो, "मला ठाऊक न्हाई गं."

उत्तर म्हातारीनंच दिलं. टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "नवस कुणाला केलास? तिला ना? मग हा नेमपण तिचाच. तुझं ऐकायचं का तिचं, तू ठरव."

हिनं म्हातारीच्या पायांतल्या चपलांकडं बघितलं. मग हसली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि हसतेय. म्हणाली, "सात वर्सं मीच हट्ट धरून बसले व्हय?"

माझे बूट घालून बघितले, ते तिच्या पायात राहीनात, पहिल्याच पावलाला निसटले. तेव्हा म्हातारीनं आपल्या टायरच्या चपला काढल्या. मी जखमेच्या बँडेजवर प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि म्हातारीनं खाली बसून स्वतःच्या हातानं त्या हिच्या पायात चढवल्या. ही "मावशी, पायाला हात नका लावू" म्हणत राहिली. ती म्हणाली, "गप बस. पट्टा तुला जमायचा नाय." मग स्वतः आमच्या होडीत चढून ऐसपैस बसली आणि विचारलं, "खायला काय हाय?" बाजरीची भाकरी आणि ठेचा होता. "जा तुम्ही, मी बसते," ती म्हणाली.

त्या साठ पावलांना आम्हाला दहा मिनिटं लागली असतील. हिचा हात माझ्या हातात, एकेक पाऊल जपून. पहिली चार पावलं ती अडखळली. सात वर्षांनी पायात काहीतरी होतं, पायाला जमीनच कळत नव्हती. मग चालायला लागली. खडकापाशी पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं आणि ओल्या दगडावर चमकत होतं. हिनं हळदकुंकू लावलं, खण पसरला, नारळ ठेवला, आणि ओटीत तांदळाबरोबर कवठ्याच्या शेतातल्या बाजरीची मूठ घातली. मग कपाळ टेकवलं. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मी तिच्या मागं उभा होतो, आणि माझे हात जोडलेले आहेत हे मला नंतर कळलं. ते मी कधी जोडले, सांगता येत नाही. आनंद एवढा झाला होता की मला तिथंच त्या शिंपांवर बसकण मारावीशी वाटली, पण म्हातारी होडीतून ओरडली, "चला, पाणी फिरलं! आणि चपला सांभाळून आणा, उद्या मला लागतात!"

खरंच, पायाशी पाण्याची बारीक रेघ आली होती. आम्ही परतलो. हिनं चपला धुऊन दिल्या आणि म्हातारीच्या पाया पडली. म्हातारीनं एक भाकरी निम्मी संपवली होती, उरलेली फडक्यात बांधून घेतली. "ठेचा लय तिखट," एवढीच तक्रार केली आणि काठाकाठानं निघून गेली. मग आम्ही तिघांनी बाकीच्या भाकऱ्या खाल्ल्या. सकाळपासूनचा उपास सोडताना ही तांडेललाच घास पुढं करत होती.

पाणी आलं तसं होडी आधी एका बाजूनं हलली, मग दुसऱ्या, आणि मग कुणी ढकललं नाही, काही नाही, अलगद सुटली. तोवर सूर्य गेला होता आणि पूर्वेच्या डोंगरामागून पुनवेचा चंद्र वर आला. तांडेलनं थोडा वेळ इंजिन लावलंच नाही. चारी बाजूंनी डोंगर, मध्ये आम्ही, आणि पाणी आपल्या चालीनं चढत होतं. ही होडीच्या कडेला पाय मुडपून बसली होती आणि माहेरची देवीची गाणी एकामागून एक म्हणत होती. मी सुरात नाही, तरी टाळ्या धरल्या. तांडेलसुद्धा मान हलवत होता. इतका आनंद मला माझ्या बढतीलाही झाला नव्हता, सुमनच्या लग्नातही नाही, कारण तिथं मी सगळं सांभाळत होतो आणि इथं मला काहीच सांभाळायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एस.टी. सुटायच्या आधी तिथल्या बाजारात एक चपलांचं दुकान उघडलं होतं. दुकानदारानं विचारलं, "वहिनी, नंबर किती?" ही माझ्याकडं बघायला लागली. तिला आठवेना. आणि आठवला असता तरी उपयोग नव्हता, पाय सात वर्षांत रुंद झाले होते. पाच-सहा जोड काढले. शेवटी मऊ तळव्याचा एक जोड बसला. ती दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या चालली, पायांकडं बघत, आणि आम्हाला तिघांनाही हसू आवरेना.

शिरूरच्या डॉक्टरांना तिनं आधी पाय दाखवला नाही, चपला दाखवल्या. जखम भरायला दीड महिना लागला. बोट शाबूत राहिलं.

लोक विचारतात, चमत्कार झाला का? मी सांगतो, पौर्णिमेला ओहोटी मोठी असते, कोकणातल्या कुठल्याही माणसाला विचारा. तो खडक तिथं होताच. म्हातारी रोजच कालवं वेचायला येत असणार. यात न समजण्यासारखं काही नाही. मला न समजणारी गोष्ट एकच आहे. सात वर्षं आणि वर साडेतीन तास उशीर करून मी अगदी वेळेवर पोचलो होतो. अकराला निघालो असतो तर चुकलो असतो. माझा आळस, माझी टाळाटाळ, माझी घमेंड, हे सगळं त्या आईनं जमेस धरलं आणि त्यातूनच वाट काढून दिली. असं कुणी आपल्यासाठी करत असेल तर आपण फार ओढाताण कशाला करायची? आपल्या हाती आहे तेवढं करावं आणि बाकीचं तिच्यावर सोपवावं. एवढंच मी शिकलो, तेही पन्नाशी उलटल्यावर.

आता मी निवृत्त आहे. संध्याकाळी ओट्यावर पेपर घेऊन बसतो. त्या सात वर्षांत ही घरात कधी आली, बाहेर कधी गेली, मला कळायचं नाही. पावलांचा आवाजच नसायचा. आता अंगणाच्या फाटकापासून तिच्या चपलांचा फटक फटक आवाज येतो, भाजी घेऊन नाहीतर शेजारच्या बायकांशी बोलून ती परत येत असते. मी पेपर खाली ठेवतो आणि ती दारात येईपर्यंत ऐकत बसतो.